मॅटखालचा पत्रा

सोलापुरात गाडी गंजत नाही, असं इथे पुष्कळ जण खात्रीने सांगतात. मुळात पाऊस कमी, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारा पारा. बाहेरच्या पत्र्यापुरतं हे खरंही आहे. नव्वदच्या दशकातली एमएच १३ ची, म्हणजे सोलापूर पासिंगची प्रीमियर पद्मिनी आणि त्याच वयाची मुंबईतली पद्मिनी शेजारी उभ्या केल्या, तर मडगार्ड आणि दारांच्या कडा बघूनच सोलापूरची गाडी कुठली ते कळतं. पण पुढच्या सीटसमोरचं रबरी मॅट उचला, त्याखालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर, सोलून काढा. कित्येकदा नमद्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे हातात येतात आणि खाली गॅरेजची फरशी दिसते.

कोकणातल्या गाडीचा फ्लोअर खालून खाल्ला जातो. खारी हवा आणि रस्त्यावरचं पाणी बाहेरून काम करतं. सोलापूरच्या गाडीत गंज आतून, वरून खाली उतरतो. पाऊस कमी असला तरी तो कसा पडतो हे महत्त्वाचं. इथला सगळ्यांत मोठा महिना सप्टेंबर, आणि तोवर पुढच्या काचेच्या रबराने अख्खा उन्हाळा सोसलेला असतो. उन्हात कडक होऊन तडकलेल्या रबरातून शिरलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागून, कुणाला न दिसता, पाय ठेवायच्या जागेत येतं. दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात. कडुनिंबाची पानं आणि धूळ मिळून ती बुजतात, मग दारात साठलेलं पाणी आतल्या बाजूने पाझरतं. त्यात आपली एक सवय: गाडी धुताना पाइप थेट आत मारायचा. बोअरचं जड पाणी वाळतं, पण त्यातले क्षार नमद्यात राहतात, आणि क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात. वरून मॅट इतकं घट्ट बसलेलं असतं की मे महिन्याच्या उन्हालाही खालचा थर पुरता सुकवता येत नाही.

ड्रायव्हरच्या बाजूला आणखी एक कारण असतं. ब्रेकचं ऑइल. मास्टर सिलिंडर किंवा पाइपचा जोड गळका असेल तर ते ऑइल पेंट अक्षरशः सोलून काढतं, आणि उघड्या पत्र्यावर मग पाण्याला आयतं रान मिळतं. म्हणून फ्लोअरचं काम हातात घेण्याआधी पाणी आणि ऑइल कुठून येतं ते शोधायचं. एकाने काचेवर पाच मिनिटं पाणी सोडायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन डॅशखाली आडवं पडायचं. हे न करता नवा पत्रा घालणं म्हणजे तोच गंज नव्याने पेरणं. खरी दुरुस्ती काचेच्या रबरापासून सुरू होते, आणि वेल्डिंग मशीन त्यानंतर.

जुन्या गाडीचं मॅट उचलण्याचं काम घाईने करू नये, असं मला मनापासून वाटतं. शेंगांची टरफलं, लग्नाच्या अक्षता, पंढरपूरहून आलेला बुक्का, चार आण्याचं नाणं, तुळजापूरच्या वाटेवरची माती. एका घराची तीस-चाळीस वर्षं त्या थरात दबून असतात. ती बाजूला काढून ठेवावीत, मालकाला द्यावीत. आणि ती कुठे सापडली हेही लक्षात ठेवावं, कारण कचरा जिथे साठतो तिथे ओल टिकते. कोपऱ्यातल्या अक्षतांच्या चिखलाखाली पत्रा सगळ्यांत पातळ झालेला असतो.

आता मूळ मुद्दा. पद्मिनी आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पद्मिनी फियाट ११०० च्या घराण्यातली. अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवर बेतलेली, २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनत असलेली. दोन्हींमध्ये बॉडी हाच सांगाडा आहे. दाराखालची पोकळ पट्टी म्हणजे सिल, फ्लोअरच्या मधोमध उंचावलेला बोगदा, आडवे मेंबर म्हणजे आधाराच्या तुळया आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा फ्लोअरचा पत्रा मिळून गाडीचं वजन पेलतात, वळणावरचा पीळ सहन करतात. जुन्या महिंद्रा जीपचं तसं नाही. तिच्याखाली शिडीसारखी चासी असते, बॉडीचा टब वर बोल्टने बसवलेला. तिचा फ्लोअर सडला तर पाय खाली जाईल. पद्मिनीचा सडला तर दार बसेनासं होतं, जॅक लावला की गाडी उचलण्याऐवजी पत्राच वर येतो. दार उघडल्यावर खाली झुकत असेल तर बिजागरी बदलण्याआधी सिल आणि फ्लोअर तपासा.

त्यामुळे 'वरून प्लेट टाकून देऊ का?' या प्रश्नाला स्वच्छ नकार द्यावा. पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. सडलेल्या भागावर जाड पत्रा ठेवायचा, कडेने चार ठिकाणी वेल्डिंग, उरलेल्या फटीत पुटी, खालून डांबर. दोन पत्र्यांच्या मध्ये जुना गंज तसाच राहतो आणि ओल धरतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगून वेल्डिंगच्या मधला पत्रा उचलतो. पुटी पाणी शोषते. डांबर सुकून तडकतं, आणि तडकलेल्या डांबराच्या मागे साठलेलं पाणी बाहेरून दिसतही नाही. दोन पावसाळ्यांनी प्लेटच्या कडेची चांगली जागाही जाते, आणि मग मूळ कामाच्या दुप्पट कापावं लागतं.

तपासणीला महागडं काही लागत नाही. बोथट स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. पेंट फुगलेला असेल तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून तळहाताने दाब द्या. आत गेला तर ती जागा गेलीच, नुसती दबली तरी गेलीच समजा. फ्लोअर आणि सिल जिथे मिळतात ती कड, जॅकिंग पॉइंट, सीटचे बोल्ट आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे अडकवतात त्या हँगरजवळची जागा, या चार ठिकाणी जास्त वेळ द्या. सिलचं बाहेरचं अंग नवं दिसलं तरी फसू नका. काळी माती चाकाच्या मागून आत उडते, पोकळीत बसते आणि आतून कुजवते. काळ्या मातीएवढं पाणी धरून ठेवणारं दुसरं काही नाही, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

कापण्याआधीच्या तयारीवर सगळं काम उभं राहतं, आणि नेमका इथेच वेळ वाचवला जातो. बॅटरी सोडवा. पेट्रोलची टाकी काढून गाडीपासून लांब, दुसऱ्या छपराखाली ठेवा. फ्लोअरखालून जाणारे पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप सोडवा. सीट, मॅट, वायरिंग, डांबरी पॅड सगळं बाहेर. मग गाडी अशी टेकवा की तिचं वजन जिथे एरवी पडतं तिथेच पडेल, म्हणजे पुढे सस्पेन्शनखाली आणि मागे एक्सलखाली स्टँड. पुढचा बंपर आणि मागची डिकी टेकवून मध्ये कापलं, तर गाडी मधून वाकते आणि वाकलेल्या स्थितीतच नवा पत्रा वेल्ड होतो. एकदा असं झालं की दारं कधीच नीट बसत नाहीत.

अँबेसेडरच्या बाबतीत आणखी एक काळजी. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या, फ्लोअरखालून मागे येतात आणि आडव्या मेंबरला अडकलेले असतात. त्या बारमध्ये गाडीच्या वजनाचा पीळ भरलेला असतो. तो मेंबर सडलेला असेल तर बारचा ताण उतरवल्याशिवाय तिथे ग्राइंडर लावू नये. यात माणसाच्या हातापायाचा प्रश्न आहे.

दाराच्या चौकटीत २५ बाय २५ मिलिमीटरची चौकोनी पाइप आडवी आणि तिरपी टाकून वेल्डिंगचे छोटे टाके मारा, म्हणजे चौकट हलणार नाही. दारं बसवलेली असतानाच पुढची-मागची फट मोजून कागदावर लिहा. मग गवंड्याचा ओळंबा घ्या. पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या ठरावीक बोल्टांवरून तो सोडून खाली फरशीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी आधीच वाकलेली आहे, आणि ते आत्ता कळलेलं बरं. एका वेळी एकच बाजू कापायची. दुसरी बाजू कितीही सडलेली असली तरी पहिली पूर्ण होईपर्यंत ती गाडीला धरून असते.

कापताना गंजाच्या कडेवर थांबू नका. वायर ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत जा आणि त्यापुढे आणखी २५ मिलिमीटर. कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि पुढे तिथूनच चीर जाते. सिलच्या आणि मेंबरच्या कडेवर कारखान्यातले स्पॉट वेल्ड असतात. ब्रश मारल्यावर ते गोल खड्ड्यांसारखे दिसतात. स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापायचा, खालची कड शाबूत ठेवायची. छन्नीने ओरबाडलं तर खालची कड फाटते आणि नवा पत्रा टेकवायला काही उरत नाही. काढलेला सडका पत्रा फेकू नका. त्याच्यावरच्या खोबणी, भोकं, घड्या हाच तुमचा नकाशा आहे.

इंग्लंडात मॉरिस मायनरसारख्या गाडीचे तयार फ्लोअर पॅनेल विकत मिळतात. आपल्याकडे पद्मिनीचा फ्लोअर बहुतेक वेळा हातानेच करावा लागतो. त्यासाठी सी.आर. (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. सपाट भागाला २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर, आधाराच्या पट्ट्यांना १८ गेज, १.२ मिलिमीटर, जॅकिंग पॉइंट आणि सीटच्या बोल्टाखालच्या तुकड्यांना १६ गेज. अंदाजावर जाऊ नका. मूळ पत्र्याची चांगली जागा पेंट खरवडून व्हर्नियरने मोजा आणि तेवढाच घ्या. आठ बाय चारचा २० गेजचा एक पत्रा साधारण २१ किलो भरतो आणि पुढच्या दोन्ही बाजूंना पुरून उरतो. जास्त जाड म्हणजे जास्त मजबूत, हा हिशेब इथे चुकतो. जाड आणि पातळ पत्रा शेजारी वेल्ड केला की पातळ आधी जळतो, आणि पुढे हादऱ्याने जोडाच्या अलीकडे चिरतो. जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, गंजत नाही म्हणून अनेक जण सुचवतात. त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. शिवाय वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात. साधा सी.आर. घेऊन नीट रंगवणं कधीही चांगलं.

फ्लोअरच्या खोबणी शोभेच्या नसतात. सपाट पत्रा पाय ठेवला की टप्प आवाज करून आत जातो, सोडला की बाहेर येतो, आणि महामार्गावर ढोलासारखा घुमतो. खोबणीमुळे तोच पत्रा ताठ राहतो. पत्र्यात खोबणी उठवणारा बीड रोलर असेल तर रोलरची जोडी मूळ खोबणीच्या मापाने लेथवर करून घ्या. सोलापुरात यंत्रमागांचे सुटे भाग कातणारी दुकानं आहेत, त्यांना हे काम हातचा मळ. रोलर नसेल तर दोन अँगल समांतर ठेवून मध्ये खोबणीएवढी फट सोडायची, वर पत्रा घट्ट धरायचा आणि बोथट केलेल्या रुंद छन्नीने थोडं थोडं ठोकत न्यायचं. एका फेरीत पूर्ण खोली काढायला गेलं तर पत्रा ओढला जाऊन कडा वाकतात. तीन-चार फेऱ्यांत काढा. आधी खोबणी, मग कडांच्या घड्या, आणि शेवटी बाहेरची रेषा कापणं. हा क्रम उलटला तर पत्रा हमखास मापात कमी पडतो. आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा करून गाडीत बसवून बघावा.

जोड दोन तऱ्हांनी करता येतो. समोरासमोर, मध्ये जेमतेम १ मिलिमीटर फट ठेवून. किंवा १२ ते १५ मिलिमीटर एकावर एक चढवून, वरच्या पत्र्याला ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डिंगने भरायची. समोरासमोरचा जोड दिसायला आणि टिकायला उत्तम, कारण त्यात पाणी अडकायला जागाच नाही. पण त्याला हात बसलेला लागतो. सिलच्या आणि मेंबरच्या कडांवर मूळ गाडीतही पत्रे एकावर एकच असतात, तिथे भोकांचा जोड बरोबर. भोकं ३५ ते ४० मिलिमीटरच्या अंतराने, जुन्या स्पॉटच्या हिशेबाने. एकमेकांना टेकणाऱ्या दोन्ही अंगांना आधी वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर मारायचा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

गॅस वेल्डिंगने पूर्वी उत्तम काम करणारे डेंटर होते, आजही आहेत. पण फ्लोअरसारख्या रुंद पत्र्यावर गॅसची आच लांबवर पसरते आणि पत्रा लाटांसारखा होतो. पितळेने जोडलेल्या जुन्या जागा सापडल्या तर त्या पूर्ण कापून काढाव्यात. तांबं मिसळलेल्या पोलादावर नंतर वेल्डिंग केलं की ते तडकतं. सीओटू मशीन घ्यावं, म्हणजे गॅसच्या आवरणात तार सोडत वेल्डिंग करणारं; तार ०.८ मिलिमीटर. नुसत्या सीओटूपेक्षा आर्गनचं मिश्रण असेल तर आच सौम्य राहते, ठिणग्या कमी उडतात. २० गेजला साधारण ५० ते ७० अँपिअर पुरतात, गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर. तरीही कापलेल्या तुकड्यांवर आधी जुळवून बघा, कारण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सकाळचं सेटिंग निरुपयोगी होतं.

सलग रेघ ओढायची नाही. एक टाका, मग हातभर लांब दुसरा, मग समोरच्या कडेला तिसरा. सगळीकडे टाके पडले की मधल्या जागा भरत जायच्या. दोन टाक्यांमध्ये पत्र्याला हात लावता आला पाहिजे. लागत नसेल तर थांबा. पाणी मारून थंड करण्याचा मोह टाळा, त्याने पत्रा आणखी आकसतो. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये जो मोठा पंखा चालू असतो तो वेल्डिंगच्या वेळी बंद करा. त्याचा वारा गॅस उडवून लावतो, टाका स्पंजासारखा भोकाभोकांचा होतो आणि सगळे मशीनला दोष देत बसतात. डॅशबोर्ड, काचा आणि छताचं कापड ओल्या गोणपाटाने झाका. बादलीभर पाणी आणि अग्निशामक हाताशी असू द्या. काम थांबल्यावर अर्धा तास एक माणूस गाडीपाशी बसला पाहिजे. डांबराची जुनी थापी किंवा सीटचा काथ्या आत धुमसत राहतो आणि सगळे जेवायला गेल्यावर पेटतो.

सीट बेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत ते बसवायचे असतील तर हीच वेळ. बोल्ट नुसत्या फ्लोअरला लावायचा नाही. खालून किमान तळहाताएवढी जाड प्लेट वेल्ड करून, तिच्यात नट पक्का करून. बेल्टच्या बोल्टांचा प्रचलित आटा ७/१६ इंच यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आटा, असतो. साध्या हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट तिथे वापरू नये.

मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी किंवा बॉडीत बदल चालत नाही. म्हणून नवा फ्लोअर मूळ आकाराचाच करा, खोबणी त्याच जागी, बोगद्याची उंची तीच. चासी नंबर कोरलेल्या पत्र्याजवळ काम आलं तर आधी फोटो काढा, आणि त्या तुकड्याला ग्राइंडर लावूच नका.

रंगाच्या कामाला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस सर्वांत चांगले. जानेवारीत हवा कोरडी, ऊन सोसवणारं. मे महिन्यात करायचंच असेल तर पहाटे करा. दुपारी प्रायमर पत्र्यावर पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि खरखरीत भुकटी बसते. दोन डब्यांच्या एपॉक्सी प्रायमरला मिसळल्यावर वापरायची २५ अंशांसाठी दिलेली मुदत ४० अंशांत निम्म्याहूनही कमी उरते. नव्या पत्र्याला कारखान्यातलं तेल असतं, ते थिनरने दोनदा पुसा, दर वेळी स्वच्छ कापडाने. घामाचा हात लागला तर पुन्हा पुसा; घामातलं मीठ रंगाखालून वर्षभराने बोटांच्या आकारात उमटतं. उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून महिनाभर सोडून देणं हा इथला नेहमीचा प्रकार. रेड ऑक्साइडमधून ओल आत जाते, ते पत्र्याला झाकतं पण पाणी रोखत नाही. पत्रा घासून झाल्यावर त्याच दिवशी एपॉक्सी. त्यावर सर्व जोडांना आतून आणि खालून पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, बोटाने दाबून भरलेला. खालून खडीचा मार झेलणारं रबरी कोटिंग, आतून रंगाचे दोन हात. सिलच्या पोकळीत लांब नळीने वॅक्स सोडा. पातळ वॅक्स उन्हाळ्यात निचऱ्याच्या भोकांतून गळून जातं, म्हणून पहिल्या उन्हाळ्यानंतर पुन्हा एकदा भरा.

मॅट परत घालताना नमदा घालू नका. पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम कापून ठेवा, आणि तो चिकटवू नका. फ्लोअरला मूळ जिथे निचऱ्याची भोकं होती तिथे ती ठेवलेली असली पाहिजेत, रबरी बुचांसकट. आधी मात्र रात्री गॅरेजचे दिवे बंद करून गाडीखाली दिवा लावा आणि वरून बघा. टाचणीएवढ्या भोकातूनही उजेड येतो, आणि आत्ता तो एक टाक्याचा प्रश्न असतो. सप्टेंबरचा पाऊस ओसरला की फोम उचलून हात फिरवा. पुढच्या चाकांच्या मागच्या कोपऱ्यातला सीलर सर्वांत आधी तडकतो, कारण खडी थेट तिथे बसते. तडा दिसला तर आजूबाजूचा सैल भाग खरवडून, थिनरने पुसून, एपॉक्सीचा हात देऊन तो सुकल्यावर नवा सीलर भरायचा. दिवाळीपर्यंत थांबायचं नाही.